जेमिनी आणि गोफर टर्मिनलमधून वाचायचं असेल तर: कुठलं काम आधी, कुठलं नंतर

गेल्या वर्षभरात दादरला आमच्या घरी बसून मी बऱ्याच जणांना जेमिनी आणि गोफर, म्हणजे वेबहून वेगळी, साध्या मजकुराची पानं टर्मिनलमधून (कमांड टाइप करायच्या खिडकीतून) कशी वाचायची हे शिकवलं. अडले सगळेच, आणि जवळजवळ प्रत्येक जण पत्ता टाइप करण्याआधीच अडला होता. ब्राउझर धड होता, पत्ताही बरोबर होता. चुकत होतं ते कीबोर्डच्या भाषेत, नेटवर्कच्या पोर्टमध्ये (डेटा जा-ये करतो त्या नंबरी दारात), नाहीतर फोनच्या घड्याळात. म्हणून या लेखात तयारीचा भाग लांब आहे. तो गाळून खालच्या टप्प्यावर उडी मारू नका.

कमांड मी इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, जशा फोनवरून एखाद्याला सांगाव्यात तशा. टाइप करताना त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत करायच्या. जिथे स्पेलिंग चुकण्यासारखं आहे तिथे अक्षरं सुटी करून दिली आहेत.

टप्पा १: कुठलं काम कुठल्या साधनाचं, हे ठरवा

गोफर आणि जेमिनी हे दोन वेगळे प्रोटोकॉल, म्हणजे पानं मागवायचे आणि पाठवायचे नियम, आहेत. गोफर ७० नंबरच्या पोर्टवर चालतो आणि सगळं उघड्या मजकुरात पाठवतो. जेमिनी १९६५ नंबरच्या पोर्टवर चालतो आणि त्यात टीएलएसचं कुलूप (मधल्या कुणाला वाचता येऊ नये म्हणून मजकूर सांकेतिक करून पाठवणं) सक्तीचं आहे. क्रोम किंवा फायरफॉक्सच्या पट्टीत यांचे पत्ते टाकून काहीही उघडत नाही. वेबवर नुसतं जेमिनी शोधलंत तर समोर भलत्याच गोष्टी येतात, तेव्हा शोधायचंच असेल तर सोबत प्रोटोकॉल हा शब्द जोडा.

तीन साधनं पुरतात:

लिंक्स (एल-वाय-एन-एक्स) गोफरसाठी. हा जुना वेब ब्राउझर आहे, पण गोफर त्याला उपजत कळतो. जेमिनी कळत नाही.

ॲम्फोरा (ए-एम-एफ-ओ-आर-ए) जेमिनीसाठी.

ऑफपंक (ओ-एफ-एफ-पी-यू-एन-के) दोन्हींसाठी, आणि मुख्य म्हणजे नेट नसताना वाचण्यासाठी. लोकलने रोज तास-दीड तास जाणाऱ्यांनी याच्याकडे नीट लक्ष द्यावं. त्याच्यासाठी खाली वेगळा टप्पा ठेवला आहे.

बॉम्बाडिल्लो नावाच्या ब्राउझरात गोफर आणि जेमिनी दोन्ही चालतात. पण पत्त्याच्या सुरुवातीला प्रोटोकॉल लिहिला नाही तर तो गोफर धरून चालतो. जेमिनीचा पत्ता अर्धवट टाकून लोक तिथेच अडकून बसतात. नवख्याने सुरुवातीला त्याच्या वाटेला जाऊ नये, असं माझं मत आहे.

टप्पा २: बसवणं

उबुंटू किंवा डेबियनवर:

सुडो ॲप्ट अपडेट
सुडो ॲप्ट इन्स्टॉल लिंक्स ॲम्फोरा ऑफपंक

पहिली ओळ गाळू नका. ती न चालवल्यामुळे 'पॅकेज सापडत नाही' असा निरोप आला आणि लोकांनी नाद सोडला, असं मी दोनदा पाहिलं आहे. फार जुन्या आवृत्तीत ॲम्फोरा किंवा ऑफपंक नसेल तर आधी लिंक्स एकटा बसवा आणि गोफरपासून सुरुवात करा.

विंडोज असेल तर पॉवरशेल ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून डब्ल्यू-एस-एल, मोकळी जागा, दोन आडव्या रेघा, इन्स्टॉल एवढी कमांड द्या. मशीन रीस्टार्ट झालं की उबुंटू मिळेल आणि त्यात वरच्याच कमांड चालतील. मॅकवर होमब्रू असेल तर ब्रू इन्स्टॉल लिंक्स आणि ब्रू इन्स्टॉल ॲम्फोरा.

अँड्रॉइड फोनवर टर्मक्स हे टर्मिनलचं ॲप लागतं. ते एफ-ड्रॉइड या ॲपच्या दुकानातून घ्या. आधी प्ले स्टोअरवरून घेतलेलं असेल तर ते पूर्ण काढा आणि मग नवं बसवा, एकावर एक चढवू नका. मग पी-के-जी इन्स्टॉल लिंक्स ॲम्फोरा. टर्मक्समध्ये आवाज कमी करायचं बटण दाबून धरलं की ते कंट्रोलचं काम करतं. हे माहीत नसेल तर फोनवर निम्मे शॉर्टकट चालतच नाहीत.

टप्पा ३: कीबोर्ड, लिपी आणि घड्याळ

माझे गिरगावातले काका निवृत्त मुद्रितशोधक आहेत. मराठी टायपिंगचा त्यांचा हात पक्का. लिंक्स उघडून त्यांनी एक मेनू वाचला आणि मग मला फोन केला, "अरे, हे बंदच होत नाहीये." क्यू दाबा म्हटलं, तर म्हणाले, दहा वेळा दाबला. मी जाऊन पाहिलं तर कीबोर्ड इन्स्क्रिप्टवरच (मराठी कीबोर्डच्या मांडणीवर) होता. इन्स्क्रिप्टमध्ये क्यूच्या जागी औकाराची मात्रा असते आणि बीच्या जागी 'व'. काका क्यू दाबत होते आणि ब्राउझरला मात्रा मिळत होती. मात्रेचं त्याने काय करायचं?

तेव्हा नियम असा: टर्मिनलमध्ये शिरताना कीबोर्ड इंग्रजी. मराठीत काही शोधायचं असेल तेव्हा, शोधाची चौकट उघडल्यावरच मराठी करा, आणि एंटर दाबल्यावर लगेच परत इंग्रजी.

आता लिपी. टर्मिनलमध्ये लोकेल एवढंच टाइप करा. येणाऱ्या ओळींत यूटीएफ-८ (देवनागरीसकट सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची पद्धत, म्हणजे एन्कोडिंग) दिसलं पाहिजे. जेमिनीत मजकूर यूटीएफ-८ मध्येच गृहीत धरला जातो, त्यामुळे मराठीसाठी वेगळं काही जाहीर करावं लागत नाही. गोफरमध्ये मात्र लिपीचं एन्कोडिंग सांगायची सोयच नाही. म्हणून लिंक्समध्ये ओ दाबून ऑप्शन्स उघडा आणि दाखवायची लिपी व गृहीत धरायची लिपी या दोन्ही ठिकाणी यूटीएफ-८ निवडा. वरच्या 'डिस्कवर सेव्ह करा' या खुणेवर टिक करून मगच बाहेर या. ती टिक करायची राहून गेली की पुढच्या वेळी परत तेच चौकोन आणि तेच प्रश्नचिन्ह.

तपासा: टर्मिनलमध्ये एको टाइप करून पुढे 'क्षेत्रफळ' आणि 'विद्यार्थी' हे शब्द चिकटवा. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी दिसते का, रफार योग्य अक्षरावर बसतो का, ते बघा. वेलांटी उजवीकडे लटकत असेल तर दोष टर्मिनलचा आहे, ब्राउझरचा नाही. टर्मिनल प्रत्येक अक्षराला ठराविक रुंदीचा एक चौकोन देतं, आणि आपली जोडाक्षरं त्या हिशेबात बसत नाहीत. कॉन्सोल आणि एमएलटर्म ही टर्मिनलं हे काम तुलनेने चांगलं करतात. फोनवरच्या टर्मक्सकडून फार अपेक्षा ठेवू नका. ॲम्फोरात एखादं मराठी पान फारच विस्कटलं तर कंट्रोल-एस दाबून ते उतरवून घ्या आणि साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये वाचा. सुटसुटीत साध्या मजकुराचा हा फायदा हक्काने घ्या.

घड्याळ राहिलं. जेमिनीतली प्रमाणपत्रं, म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या फाइली, तारखेवर चालतात. बॅटरी संपून बंद पडलेला जुना लॅपटॉप काढलात आणि त्याची तारीख चुकलेली असेल तर धडधाकट पानंही नाकारली जातील. डेट असं टाइप करून तारीख आणि वेळ बघून घ्या.

टप्पा ४: नेटवर्क खरंच जाऊ देतंय का

ही तपासणी फारसं कुणी करत नाही, आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो. ऑफिस आणि कॉलेजांच्या बऱ्याच वायफायवर बाहेर जायला फक्त वेबची दारं उघडी असतात, म्हणजे ८० आणि ४४३. ७० आणि १९६५ बंद. ब्राउझर मग नुसता थांबून राहतो आणि शेवटी हार मानतो. आपल्याला वाटतं, समोरचा सर्व्हर मेला. मी स्वतः एका जुन्या ऑफिसात आठवडाभर असा बसलो होतो. एकदा फोनचा हॉटस्पॉट जोडला आणि पान क्षणात उघडलं.

गोफरचं दार असं ठोठावा:

कर्ल गोफर://गोफर.फ्लडगॅप.कॉम/

फ्लडगॅप म्हणजे एफ-एल-ओ-ओ-डी-जी-ए-पी. मजकुराच्या ओळी आल्या तर ७० उघडं आहे.

जेमिनीचं असं:

ओपनएसएसएल एस_क्लायंट -क्वाएट -सीआरएलएफ -कनेक्ट जेमिनीप्रोटोकॉल.नेट:१९६५

जोडणी झाली की खाली पूर्ण पत्ता, म्हणजे जेमिनी://जेमिनीप्रोटोकॉल.नेट/ असा टाइप करून एंटर दाबा. उत्तराची पहिली ओळ २० या आकड्याने सुरू झाली की सगळं ठीक. मध्ये प्रमाणपत्र पडताळता आलं नाही अशी ओळ दिसली तर घाबरू नका. जेमिनीत लोक स्वतःच सही केलेली प्रमाणपत्रं सर्रास वापरतात.

स्टेशनवरच्या फुकट वायफायची गोष्ट निराळी. तिथे आधी साध्या ब्राउझरात मोबाइल नंबर टाकून ओटीपी भरावा लागतो, तोवर बाहेरचं काहीच चालत नाही. ॲम्फोराला तो ओटीपीचा फॉर्म दाखवताच येत नाही. त्यामुळे आधी क्रोममध्ये लॉगइन, मग टर्मिनल.

सावध: दार बंद असेल तर तीच कमांड दहा वेळा चालवून उपयोग नाही. मोबाइल डेटावर एकदा चालवून बघा. तिथे चालली की निकाल लागला.

टप्पा ५: आधी गोफर, लिंक्समधून

लिंक्स गोफर://गोफर.फ्लडगॅप.कॉम/

वर-खाली बाणाने ओळ निवडा, उजव्या बाणाने आत जा, डाव्याने परत या. स्पेसबार दाबला की पुढचा पडदा. नवा पत्ता द्यायचा तर जी. बाहेर पडायला क्यू.

इथे लोकांची एक चूक ठरलेली. गोफरच्या पत्त्यात होस्टनंतर (सर्व्हरच्या नावानंतर) एक अक्षर किंवा आकडा येतो आणि तो वाटेचा भाग नसतो, तो वस्तूचा प्रकार असतो. ० म्हणजे मजकूर, १ म्हणजे मेनू, ७ म्हणजे शोध, ९ म्हणजे बायनरी फाइल. कुणी वेबच्या सवयीने तो आकडा खोडतो, कुणी १ च्या जागी ० लिहितो. मग मेनूऐवजी कच्चा मजकूर येतो: ओळीच्या सुरुवातीला १ चिकटलेला, मग नाव, मग टॅबची मोठी जागा, मग वाट, मग होस्ट, मग ७०. अशी ओळ दिसली की सर्व्हर बिघडलाय असं समजू नका. पत्त्यातला ० बदलून १ करा.

शोधासाठी वेरोनिका-२ आहे: गोफर.फ्लडगॅप.कॉम/७/व्ही२/व्हीएस. यातला ७ आता ओळखीचा झाला असेल.

मजकुराच्या शेवटी ओळीत एकटाच पूर्णविराम दिसला तर ती चूक नाही, गोफरमध्ये 'मजकूर संपला' असं तसंच सांगतात. पण सगळेच सर्व्हर तो पाठवत नाहीत, आणि किती बाइट यायचे आहेत हे गोफर आधी सांगत नाही. त्यामुळे मध्येच नेट तुटलं तर अर्धवट पान पूर्ण असल्यासारखं दिसतं. शेवटचं वाक्य अर्ध्यात तुटलंय का, एवढं बघायची सवय लावा.

सावध: गोफरवर कुलूप नाही. तुम्ही काय उघडलंत, काय शोधलंत, हे मधलं कुणीही वाचू शकतं. आजाराबद्दल, पैशांबद्दल, घरच्या भांडणाबद्दल गोफरच्या शोधात काही टाकू नका. सार्वजनिक वायफायवर तर मुळीच नाही.

टप्पा ६: जेमिनी, ॲम्फोरामधून

ॲम्फोरा जेमिनी://जेमिनीप्रोटोकॉल.नेट/

लिंक्सची सवय लागलेला माणूस इथे हमखास स्पेसबार दाबतो आणि खाली पट्टी उघडते. ॲम्फोरात स्पेसबार म्हणजे पत्त्याची पट्टी. पान खाली सरकवायला डी, वर जायला यू. मागे जायला बी. मदतीला प्रश्नचिन्ह.

दुसरी अडचण आकड्यांची. प्रत्येक लिंकला नंबर असतो. बारावी लिंक उघडायची म्हणून तुम्ही १ दाबता, आणि २ वर बोट जायच्या आत पहिली लिंक उघडलेली असते. साधे आकडे फक्त पहिल्या दहा लिंकसाठी आहेत, दहावीसाठी ०. त्यापुढे स्पेसबार, मग १२, मग एंटर.

पान उघडलं नाही तर दोन आकडी उत्तर वाचा. पहिला आकडाच बरंचसं सांगून टाकतो. १ ने सुरू झालं तर सर्व्हर तुमच्याकडून काही विचारतोय. २ म्हणजे मिळालं. ३ म्हणजे पत्ता बदललाय. ४ म्हणजे तात्पुरती अडचण, ५ म्हणजे कायमची. ५१ म्हणजे असं पानच नाही, ५९ म्हणजे तुमची विनंतीच चुकीची. ६ ने सुरू झालं तर ओळखपत्र हवंय.

यातलं ४४ वेगळं सांगतो. त्याचा अर्थ 'सावकाश'. यातले कितीतरी सर्व्हर कुणाच्या तरी घरी, एखाद्या छोट्याशा बोर्डावर, स्वखर्चाने चालतात. काही सर्व्हर ४४ सोबत किती सेकंद थांबायचं तेही सांगतात. तेवढं थांबा. पुन्हा पुन्हा रिलोड करणं म्हणजे शेजाऱ्याची बेल वाजवत राहणं.

शोधायला केनेडी आहे: केनेडी.जेमी.डेव्ह, म्हणजे के-ई-डबल एन-ई-डी-वाय, टिंब, जी-ई-एम-आय, टिंब, डी-ई-व्ही. मराठीत शोधताना एक हिशेब ध्यानात ठेवा. जेमिनीचा पूर्ण पत्ता १०२४ बाइटच्या आत बसावा लागतो, आणि तुम्ही शोधलेले शब्द त्या पत्त्यालाच जोडले जातात. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइटचं, आणि पत्त्यात जाताना त्याची ९ अक्षरं होतात. मात्रा आणि अनुस्वारही वेगळे मोजायचे. 'मुंबई' या शब्दाची ४५ होतात. 'छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस' असं लिहिलंत तर २४३, म्हणजे जवळपास पाव जागा गेली. लांबलचक वाक्य टाकलं की ५९ येतं, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. दोन-तीन शब्दच टाका.

पत्ता व्हॉट्सॲपवरून कॉपी करताना शेवटचा पूर्णविराम आणि न दिसणारी जोडचिन्हं सोबत येतात. उघडत नसेल तर एकदा हाताने टाइप करून बघा.

टप्पा ७: प्रमाणपत्र बदललं असा इशारा आला तर

जेमिनीत पहिल्या भेटीत दिसलेलं प्रमाणपत्र ब्राउझर लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी ताडून बघतो. बदल दिसला की ॲम्फोरा थांबवून विचारतो: पुढे जायचं का? आणि सगळे 'हो' म्हणतात. कृपा करून असं करू नका.

त्या निरोपातच जुनं प्रमाणपत्र कधी संपणार होतं ती तारीख दिलेली असते. ती वाचा. तारीख उलटून गेली असेल किंवा चार-आठ दिवसांवर आली असेल, तर मालकाने नवं केलंय, हे सरळ आहे. पण अजून तीन-चार वर्षं शिल्लक असतील आणि तुम्ही हॉटेलच्या किंवा स्टेशनच्या वायफायवर असाल, तर 'नाही' म्हणा. घरी येऊन किंवा मोबाइल डेटावर तेच पान पुन्हा उघडा. तिथे इशारा आला नाही, तर गडबड त्या वायफायवर होती. तिथेही आला, तर मालकाने काही कळवलंय का बघून मग ठरवा.

तपासा: इशाऱ्यातलं होस्टचं नाव अक्षर न् अक्षर वाचा. एका अक्षराने वेगळं असलेलं नाव म्हणजे वेगळी जागा.

टप्पा ८: काही भरायला सांगितलं तर

उत्तर १० आलं की लिहायची चौकट उघडते. तुम्ही लिहिलेलं पत्त्याला जोडून जातं, म्हणजे तुमच्या इतिहासात आणि सर्व्हरच्या नोंदीत राहू शकतं. ११ आलं तर टाइप करताना अक्षरं पडद्यावर झाकली जातात, एवढंच. जातात ती तशीच, पत्त्यातूनच. म्हणून बँकेचा किंवा मेलचा पासवर्ड कुठल्याच चौकटीत टाकायचा नाही.

६० आलं तर क्लायंट प्रमाणपत्र लागतं. म्हणजे तुमच्याकडची किल्लीची फाइल हीच तुमची ओळख. इथे 'पासवर्ड विसरलात का' अशी सोय प्रोटोकॉलमध्येच नाही, फाइल गेली की ओळख गेली. पहिले काही आठवडे याच्या मागे लागू नका. लागलातच तर किल्लीची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा, आणि दोन वेगळ्या जागी एकच ओळखपत्र वापरू नका, नाहीतर दोन्हीकडचा माणूस एकच आहे हे उघड होतं.

टप्पा ९: लोकलमध्ये वाचण्यासाठी ऑफपंक

कल्याणहून फास्ट लोकल पकडणाऱ्यांना वाटेत नेट कसं जातं ते माहीत आहे. जातं थोडाच वेळ, पण तेवढ्यात चालू पान तुटतं. ॲम्फोरा वापरणार असाल तर त्याच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये पेज_मॅक्स_टाइम नावाची सेकंदांची मर्यादा असते, ती वाढवून ३० करा. फोनवर वाचत असाल तर तिथलीच मॅक्स_विड्थ कमी करा. पण गर्दीच्या डब्यातला खरा उपाय म्हणजे पानं घरूनच सोबत नेणं.

क्रम असा. लॅपटॉपवर रात्री ऑफपंक उघडा. गो लिहून पुढे पत्ता द्या. आवडलेल्या जागेवर सबस्क्राइब लिहा. सकाळी निघण्याआधी टर्मिनलमध्ये ऑफपंक, मोकळी जागा, दोन आडव्या रेघा, सिंक एवढं चालवा आणि चहा होईपर्यंत त्याला त्याचं काम करू द्या. गाडीत बसल्यावर ऑफपंक उघडून पहिली कमांड ऑफलाइन. मग टूर लिहिलं की साठवलेली नवी पानं एकामागून एक येतात.

वाचताना साठवलेली नसलेली लिंक उघडलीत तर ऑफपंक ती नोंदवून ठेवतो आणि पुढच्या सिंकच्या वेळी आणतो. लोक इथे वैतागून ऑनलाइन लिहितात, आणि तुटक्या नेटवर प्रत्येक पानासाठी थांबत बसतात. लिंक नोंदवली गेली आहे, ती उद्या सकाळी मिळेल.

तपासा: सिंक झाल्यावर घरीच वायफाय बंद करून दोन पानं उघडून बघा. अर्धवट आलेली असतील तर वायफाय परत चालू करून ती तिथेच, रिलोड लिहून, पूर्ण करून घ्या. डोंबिवलीला दारात लटकताना ते जमणार नाही.